अडकलेलें चाक

तुंबा, आरे आणि धाव हीं चाकाचीं अंगें बैलगाडीवर वाढलेल्या आमच्या पिढीस ठाऊकच आहेत. प्राणाच्या ठायीं सर्व कांहीं प्रतिष्ठित आहे, हें सांगतांना प्रश्नोपनिषदानेंही रथनाभींतील आऱ्यांचाच दृष्टान्त घेतला आहे. परंतु लांकडी आरा भार पेलतो तो दाब सोसून. तारेचा आरा पेलतो तो ताण सोसून. सायकलचें हें तत्त्व इंग्रज कारागिरांनीं मोटारींतही आणिलें. कोव्हेंट्रीच्या रज-व्हिटवर्थ पद्धतींत तारांचें चाक दांतेरी तुंब्यावर सरकवितात आणि मध्यें दोन कानांचा एकच नट ठोकून बसवितात. शर्यतींत चाक झटपट बदलतां यावें, हा त्यांतील हेतु.

असेंच एक चाक आमच्या घरीं कांहीं केल्या निघेना. आमच्या वडील बंधूंची एम्. जी. टी. सी. ही गाडी त्यांच्या पश्चात् सोलापुरांतील आमच्या वाड्यांत उभीच होती. इंग्लंडांत ॲबिंग्डन येथें १९४५ ते १९४९ या काळांत या जातीच्या गाड्या झाल्या. ती विकावी कीं ठेवावी, याविषयीं घरांत दोन पक्ष होते. ब्रेक तपासण्यासाठीं चाकें काढूं लागलों, तों तीन निघालीं. मागचें उजवें हालेना. धाकटा पुतण्या म्हणाला, "काका, तुंबा कापून काढूं. नाहीं तरी विकायचीच आहे." वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, पण उठून आंत गेल्या.

गिरणींत हयात घालविलेल्या एका वृद्ध फिटरांस बोलाविलें. त्यांनीं प्रथम सर्वांच्या हातांतील हातोडे खालीं ठेवविले. कड्यावर घाव घातल्यास तारा वांकतात, चाक मात्र जागचें हालत नाहीं. या गाडीच्या उजव्या बाजूच्या नटाचे आटे उलटे असतात. दोन्ही बाजूंस नट सुटतो तो गाडी पुढें जातांना चाक फिरतें त्या दिशेनें. त्यामुळें चालतांना नट उलट सरकत घट्ट होतो; सैल होत नाहीं.

गंजलेल्या दांत्यांत आठ दिवस पातळ तेल सोडलें. रोज सायंकाळीं तेलाची आठवण वहिनीच करून देत. नवव्या दिवशीं बाकीचीं चाकें चढविलीं, अडलेल्या चाकाचा नट तांब्याच्या हातोड्यानें दोनच आटे सैल केला; चाक निखळून पडूं नये म्हणून पुरा काढला नाहीं. मग मुलांनीं गाडी हळूहळू पुढेंमागें ढकलावी आणि फिटरांनीं मध्येंच हातब्रेक ओढावा, असें चाललें. ब्रेक तुंब्याला धरी, चाक पुढें जाऊं पाही. पांचव्या-सहाव्या खेपेस 'खट्' असा आवाज झाला. गाडी जॅकवर घेतली, नट काढला, आणि पुतण्यानें चाक दोन्ही हातांनीं सहज ओढून घेतलें.

दांते रॉकेलनें धुऊन, गंज खरवडून त्यांवर ग्रीसचा पातळ हात दिला. "हें वर्षांतून एकदां केलें असतें, तर मला बोलवावें लागलें नसतें," इतकेंच फिटर म्हणाले. गाडीवान आंसाला वंगण घालतो, त्यांत हेंच शहाणपण आहे. चालत्या चाकाकडे मनुष्याचें लक्ष असतें. उभें चाक आपण विसरतों आणि गंज तेथेंच घर करतो.

विक्रीची गोष्ट अद्याप मिटलेली नाहीं. पण दर रविवारीं ती गाडी आतां अंगणांत चार हात पुढेंमागें फिरते, आणि ढकलावयास धाकटा पुतण्याच पुढें असतो.