मुळशीच्या कांठीं फ्रेंच भोजन

पुणेकराला मुळशीची वाट सांगावी लागत नाहीं. चांदणी चौक मागें पडला कीं भूगांव, भुकूम, पिरंगुट, पौड अशीं गांवें क्रमानें येतात, डोंगर हळूहळू जवळ सरकतात, आणि ४०-४५ किलोमीटर गेल्यावर धरणाचें विस्तीर्ण पाणी दृष्टीस पडतें. पावसाळ्यांत ताम्हिणीचे धबधबे पाहण्यासाठीं या रस्त्यावर मोटारींची एवढी रांग लागते कीं, धबधब्यापेक्षां पुढल्या मोटारीचें मागील अंगच अधिक वेळ पाहावें लागतें. आम्ही गेलों तें मात्र माघ महिन्यांत, आणि तेंहि जेवणासाठीं. तें जेवण फसलें. फसलेल्या जेवणाची हकीकत सांगून वाचकांचा वेळ घेऊं नये, हें मला कळतें. परंतु तें कां फसलें याचा विचार करतां करतां आमच्या घरच्या जुन्या हिशेबाचें एक पान उघडलें, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या मातोश्रींची सहस्रचंद्रदर्शन शांति नुकतीच यथासांग पार पडली होती. पाहुणे पांगले, मांडव उतरला, आणि घरांत चार दिवसांची ती विशिष्ट सामसूम आली. माझा पुतण्या शिक्षणासाठीं दोन वर्षे पॅरिसला राहून आलेला. तो म्हणाला, “आजी, मी तिकडे काय जेवत होतों याची तुला सारखी काळजी होती ना? आतां मुळशीच्या कांठावर फ्रेंच पद्धतीचं रेस्टॉरंट निघालं आहे. चल, तुला दाखवतों.” आईनें फक्त एक अट घातली: “माझ्या पानांत अंडं नको.” पुतण्यानें दूरध्वनीवर तशी खात्री करून घेतली आणि आम्ही सात माणसें रविवारीं सकाळीं निघालों. पौडाच्या बाजारपेठेंत रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडून बसलेल्या बायांपुढें कोंवळीं वांगीं, लालबुंद टोमॅटो, वालाच्या शेंगा, पातीचा कांदा असा ताजा माल होता. वहिनींना मोटार थांबवावीशी वाटली. पण जेवावयास जातांना भाजी घेऊन जाणें शोभणार नाहीं, म्हणून आम्ही तसेच पुढें गेलों.

स्थळ रमणीय होतें यांत वाद नाहीं. उतारावर बांधलेली बैठी पांढरी इमारत, निळ्या रंगाच्या खिडक्या, दाराशीं विलायती फुलांच्या कुंड्या, आणि आंत गेल्यावर समोरची सबंध भिंत कांचेची. तिच्यापलीकडे पाणी, आणि पाण्यापलीकडे सह्याद्रीच्या निळसर रांगा. टेबलांवर शुभ्र चादरी, प्रत्येकापुढें काट्याचमच्यांची पलटण. खाद्यपत्रिका फ्रेंच भाषेंत होती. आकडे मात्र कोणालाहि वाचतां येतील अशा लिपींत होते. आई सर्वत्र कौतुकानें पाहत होती. “स्वच्छता वाखाणण्यासारखी आहे हो,” असें तिनें प्रमाणपत्र दिलें.

पदार्थ येईपर्यंत पुतण्यानें आम्हांस थोडें ज्ञान दिलें, तें येथें नमूद करण्यासारखें आहे. ‘रेस्टॉरंट’ हा शब्द मूळचा जागेचा नव्हेच. तो एका पदार्थाचा. अठराव्या शतकांत पॅरिसमध्यें अशक्त माणसाला शक्ति देणाऱ्या कढणाला तें नांव होतें, आणि कढणावरून तें विकणाऱ्या दुकानाला पडलें. पुढें १७८९ च्या राज्यक्रांतींत सरदार-दरकदार परागंदा झाले, त्यांचे आचारी मोकळे पडले, आणि त्यांतल्या पुष्कळांनीं नगरांत भोजनगृहें थाटलीं. राजवाड्यांतली पाककला पैसे मोजील त्या नागरिकाला खुली झाली. कारेम या आचाऱ्यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तिला भव्य थाट दिला आणि एस्कोफिए यानें १९०३ सालीं आपला प्रसिद्ध पाकग्रंथ काढून तिला आटोपशीर शिस्त लावली. म्हणजे ज्या विद्येचा आस्वाद घेण्यास आम्ही बसलों होतों ती साधीसुधी नव्हती.

प्रथम कांद्याचें सूप आलें. या सुपाची सारी किमया कांदा लोण्यांत मंद आंचेवर तासभर परतण्यांत आहे. तो बदामी होतो, त्याची गोडी बाहेर येते, आणि मग पाणी घालावयाचें. येथला कांदा पांढराच राहिला होता आणि दाटपणाची जबाबदारी पिठावर सोंपविली होती. वर पावाचा तुकडा व चीज. तें चीज निवून रबरासारखें ताणलें जात होतें. त्यामागून ‘रातातूय’ नांवाची भाजी. पुतण्याचा चेहरा येथें प्रथम उतरला. “काका, ही दक्षिण फ्रान्समधल्या नीसकडची शेतकऱ्याच्या घरची भाजी. वांगीं, टोमॅटो, भोपळी मिरची, उन्हाळ्यांत मळ्यांत जें तयार असेल तें. यांत हें काय आहे?” त्यांत गोठविलेल्या गाजराचे चौकोन, बोटाएवढीं मक्याचीं कणसें आणि बाटलींतला गोड टोमॅटोरस होता. पौडाच्या टोपल्या आमच्या सर्वांच्याच डोळ्यांपुढें आल्या. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, पण त्यांनीं माझ्याकडे पाहिलें.

तरुण मंडळींनीं ‘सूफ्ले’ मागविला होता. अंड्यांतला पांढरा भाग घुसळून त्यांत हवा कोंडावयाची, भट्टीच्या उष्णतेनें ती प्रसरण पावते आणि पदार्थ भांड्याच्या कांठावर टोपीसारखा चढतो. मात्र बाहेर काढतांच तो बसूं लागतो, म्हणून खाणाऱ्यानें त्याची वाट पाहावी, त्यानें खाणाऱ्याची पाहूं नये. येथें स्वयंपाकघर अंगणापलीकडे. तेवढें अंतर चालून येईपर्यंत बिचारा पार खचला होता. शेवटीं आईसाठीं खास बिनअंड्याचा ‘क्रेम ब्रूले’ आला. याच्यावर साखर जाळून कांचेसारखा पापुद्रा करतात आणि चमच्यानें टकटक करून तो फोडण्यांतच मौज असते. पण तो आधींच करून शीतकपाटांत ठेवला कीं साखर ओलावा ओढून घेते आणि पाक होते. आईनें चमचा लावला, तो आवाज न करतां आंत गेला. “खरवसाची आठवण होते,” ती म्हणाली, आणि थोड्या वेळानें, “पण आठवणच.”

पुतण्याला फार लाज वाटली. जणूं कांहीं साऱ्या फ्रान्सची अब्रू त्याच्यावर होती. तो म्हणाला, “आजी, तिकडे असं नसतं. तिकडचा आचारी आधी बाजारांत जातो, मग ठरवतो काय करायचं. कोणती माती, कोणतं पाणी, कोणत्या गवतावर गाय चरली, यावर त्यांचा सारा अभिमान. रोकफोर नांवाच्या गांवाचं चीज आहे. त्या गांवच्या गुहांत मुरलेलं नसेल तर त्याला तें नांव लावायचं नाहीं, असा १९२५ सालीं कायदा झाला.” तें वर्ष ऐकून माझ्या मनांत कांहीं तरी हललें, पण तें काय, हें तेव्हां उमगलें नाहीं.

आईचें पोट अर्धेंच राहिलें होतें. तिनें संकोचानें वाढप्याला विचारलें, “बाळ, थोडा आसट भात आणि दही मिळेल का?” विशींतला सांवळा, हंसतमुख मुलगा होता. त्यानें आंत जाऊन विनवणी केली असावी, भात आला. वाटीचा साचा पाडून, वर कोथिंबिरीचें पान लावून. दाणा लांबसडक, एकाला दुसरा न लागणारा, आणि वास कसलाच नाहीं. आईनें विचारलें, “हा कुठला तांदूळ रे?”

“पाकिटातला हाय, आजी. भायेरनं येतो,” तो म्हणाला. मग इकडेतिकडे पाहून हळूच, “आमच्यात घरला आंबेमोहर असतो थोडा. पर तो हितं नाय लागत.”

“तूं इथलाच का?”

“व्हय. जुनं गाव तिकडं.” त्यानें कांचेपलीकडे, डोंगराकडे नव्हे, तर पाण्याकडे बोट केलें. “उन्हाळ्यात पाणी वसरलं की चौथरं दिसत्यात.”

तेव्हां १९२५ चा धागा मला सांपडला. रोकफोरच्या चिजाला त्याची भूमि कायद्यानें बहाल झाली त्याच सुमारास या खोऱ्यांतल्या तांदुळाची भूमि पाण्याखालीं घालण्याचें काम चाललें होतें. मुळा व निळा यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीचें धरण १९२७ सालीं पुरें झालें. येथलें पाणी बोगद्यांतून पश्चिमेस नेऊन कोंकणांत भिरा येथें खालीं सोडतात आणि त्यावर होणारी वीज मुंबईकडे जाते. त्यासाठीं मुळशी पेट्यांतल्या सुमारें पन्नास गांवांवर संकट आलें. रामनवमीच्या मुहूर्तावर, १६ एप्रिल १९२१ रोजीं, मावळ्यांनीं सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे व पांडुरंग महादेव बापट पुढें झाले, आणि ‘सेनापति’ ही पदवी बापटांना याच लढ्यानें दिली. विलायतेंत शिकत असतां हे गृहस्थ पॅरिसला जाऊन बॉम्ब करण्याची विद्या हस्तगत करून आले होते; तेव्हां पॅरिसच्या विद्येचा मुळशीशीं संबंध कांहीं या भोजनगृहानें प्रथम जोडला असें नाहीं! १९२४ सालीं आगगाडी अडविल्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. लढा मोडला. पुढें राजेंद्र व्होरा यांनीं त्यावर इंग्रजींत ग्रंथ लिहून त्याला जगांतली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलें.

हें सारें पुस्तकांत आहे. पुस्तकांत नाहीं तें असें कीं, त्या खोऱ्यांत आमच्या पणजोबांची भातजमीन होती. ती त्यांनीं नांगरून मिळविली नव्हती. गहाणाच्या कर्जांत बुडून ती आमच्याकडे आली होती, आणि तिचा मूळ धनी आमचें कूळ होऊन तीच जमीन कसत होता. मार्गशीर्षांत खंडाचा तांदूळ बैलगाडीनें वाड्यांत येई. माझी आजी लहानपणीं लग्न होऊन या घरांत आली, तिनें त्यांतल्या शेवटच्या गाड्या पाहिल्या होत्या. पोतें सोडलें कीं ओटीवर मोहराचा वास सुटे, आणि भात शिजूं लागला कीं तो तिसऱ्या चौकापर्यंत जाई, असें ती सांगे. मावळे उन्हांत बसले होते तेव्हां पुण्यांतल्या पुष्कळ सावकार घराण्यांप्रमाणें पणजोबांनीं भरपाई पत्करली. वाड्याचा मागचा दुमजली भाग त्या रुपयांचा. आमच्या घरीं वासाची गोष्ट आवडीनें सांगितली जाई. रुपयांची कोणी सांगत नसे. मला ती कळली ती वडिलांच्या पश्चात् जुनीं दप्तरें चाळतांना.

मीं हें त्या टेबलापाशीं हलक्या आवाजांत आईला सांगितलें. ती म्हणाली, “मला ठाऊक आहे. सासूबाईंनीं सांगितलं होतं.” मग तिनें तो निर्गंध भात दह्यांत कालवून शेवटल्या शितापर्यंत संपविला, कारण पानांत टाकण्याची तिला संवय नाहीं.

बिल चुकतें केलें. त्या रकमेंत आमच्या घरच्या दहा माणसांना दोन महिने पुरेल इतका आंबेमोहर आला असता. मालकांनीं अभिप्रायाची वही पुढें केली. पुतण्यानें त्यांत कडक शब्दांत दोष लिहिण्याचें ठरविलें होतें. पण अखेर त्यानें इतकेंच लिहिलें कीं, आपलें भोजनगृह फ्रेंच आहे म्हणून आम्ही नाराज नाहीं, तें पुरतें फ्रेंच नाहीं म्हणून आहों. पौडाच्या बाजारांतलीं वांगीं आणि येथल्या खाचरांतला तांदूळ आपल्या स्वयंपाकघरांत आला, तर आम्ही पुन्हा येऊं. मला वाटतें, परक्याची विद्या घेण्याचा हाच नियम सर्वत्र लागू आहे. नांवें आणि भांडीं उचलणें सोपें. ज्या आस्थेनें ती विद्या आपल्या मातीशीं बांधली गेली ती आस्था उचलावयाची असते.

निघतांना त्या मुलानें आपल्या चुलतीचें घर दाखवून दिलें, रस्त्यावरच होतें. आतां आंबेमोहर लावणारे थोडे. पीक उशीरां येतें, उतारा कमी, आणि उंच ताट वाऱ्यानें लोळतें. म्हणून बहुतेकांनीं त्याच्याच वंशांतली इंद्रायणी धरली आहे. आंबेमोहराला भौगोलिक मानांकन मिळालें आहे खरें, पण मानांकनानें रोप ताठ उभें राहत नाहीं. त्या बाईंनीं पांच किलो तांदूळ मापून दिला. वहिनी संवयीनें भाव करूं लागल्या, तों आईनें त्यांचा हात धरला आणि सांगितला तेवढा पैसा स्वतःच्या बटव्यांतून मोजला.

त्या रात्रीं घरीं फक्त भात, मेतकूट आणि तूप एवढाच बेत होता. भात शिजूं लागला आणि वास खरोखरच जिन्यापर्यंत आला; वाडा जाऊन आतां सदनिका झाल्या आहेत, चौक उरले नाहींत. आईनें पहिली मूद देवापुढें ठेवली आणि बराच वेळ तेथेंच बसून राहिली. मीं बोलवावयास गेलों, तेव्हां ती म्हणाली, “अरे, मुळशीचा तांदूळ या घरांत पैसे देऊन प्रथमच आला.”