आरक्षण म्हणजे काय, सर?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. इशाच्या नमाजनंतर आमच्या गल्लीतले एक चाचा मशिदीच्या दारात माझी वाट बघत थांबले होते. हातात वर्तमानपत्राचं कात्रण. गावाचा नवा विकास आराखडा प्रसिद्ध झाला होता, त्याची ती जाहीर सूचना. मराठीत. चाचांचं शिक्षण उर्दू माध्यमात, तेही चौथीपर्यंत. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, तुमच्या जागेवर आरक्षण पडलंय. चेहरा अगदी खुललेला. म्हणाले, "सर, आखिर अपने कू आरक्षण मिल गया ना?"

हे नोकरीचं आरक्षण नव्हे, हे त्यांना समजावून सांगणं माझ्या नशिबी आलं. नकाशात त्यांच्या घरावर हिरवा रंग होता. तिथं बगीचा होणार होता.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. वर्गात नेहमी सांगतो की नकाशा, इमारत, शहर, रस्ता हे शब्द दोन्ही भाषांत सापडतात, त्यांना घाबरायचं कारण नाही. त्या रात्री कळलं की शब्द ओळखीचा असला तरी त्याचा सरकारी अर्थ परका असू शकतो. मग महिनाभर लोकांच्या हरकती मराठीत लिहून देत बसलो, आणि शहरं कोण आखतं, कशी आखतं, याबद्दल मिळेल ते वाचायला लागलो. त्या वाचनात कार्ल ब्रुनर भेटला.

ब्रुनरचा जन्म १८८७ चा, व्हिएन्नाजवळच्या पेर्खटोल्ड्सडॉर्फचा. शिक्षण व्हिएन्नाच्या तांत्रिक महाविद्यालयात. शहर आखणं ही नुसती चित्रकला नव्हे, त्यात जमिनीचे भाव, घरभाडं, कायदा, आरोग्य हे सगळं येतं, असं मानणारा हा माणूस. १९२५ मध्ये त्याने बांधकामाचं धोरण हे शास्त्र आहे असं मांडणारं पुस्तक लिहिलं. १९२८ मध्ये दुसरं, विमानातून काढलेल्या छायाचित्रांवर. वरून पाहिलं की शहर कुठं गुदमरलंय, कुठं मोकळं आहे ते दिसतं, हा त्याचा मुद्दा. तेव्हा ही कल्पना नवी होती.

१९२९ मध्ये चिली सरकारने त्याला सल्लागार म्हणून बोलावलं. सांतियागो शहराच्या आराखड्याचा पाया त्याने घातला आणि तिथल्या विद्यापीठात नगररचना शिकवली. पुढं कोलंबियाच्या राजधानीत, बोगोतामध्ये, नवं नगररचना खातं त्याच्या हाती आलं. डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं हे शहर, मधोमध स्पॅनिश काळातले बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, आणि भोवती भराभर वाढणारी वस्ती. ब्रुनरने तो जुना पट पुसला नाही. शहर वाढत होतं तिथं नवे भाग जोडले. पालेर्मो, बोस्के इस्किएर्दो या वस्त्यांत रस्ते वळणं घेतात, जमिनीच्या उतारासोबत जातात, मध्येच लहानशी बाग लागते. आगगाडीच्या जुन्या मार्गावरून झाडांचा रुंद रस्ता निघाला, तो आव्हेनिदा काराकास. आज तिथून शहराच्या जलद बस धावतात.

मला अडवून ठेवलं ते त्याच्या पुस्तकाने. १९३९ आणि १९४० मध्ये त्याने नगररचनेचं पाठ्यपुस्तक दोन खंडांत काढलं. बोगोतामध्ये, स्पॅनिश भाषेत. मातृभाषा जर्मन असलेल्या माणसाने आपल्या आयुष्याचं मोठं पुस्तक त्या भाषेत लिहिलं, जी त्याचे विद्यार्थी, कारकून, मिस्त्री बोलत होते. माझी मातृभाषा उर्दू आहे आणि हा लेख मी मराठीत लिहितोय. दुसऱ्याच्या भाषेत लिहिताना प्रत्येक वाक्याला दोनदा उंबरा ओलांडावा लागतो, हे मला ठाऊक आहे. वाचता वाचता मनात आलं, आमच्या गावाला असा माणूस हवा होता.

पण इथंच थांबलो असतो तर खोटं झालं असतं. १९३८ मध्ये बोगोताला चारशे वर्षं पूर्ण होत होती. समारंभासाठी शहर सजवायचं होतं. पूर्वेच्या डोंगरउतारावर, पासेओ बोलिवार नावाच्या रस्त्याच्या बाजूला, गरिबांची दाटीवाटीची वस्ती होती. पाणी नाही, गटार नाही, रोगराई. आरोग्याच्या नावाखाली ती हलवण्याचं काम ब्रुनरच्या काळातल्या आखणीचाच भाग होतं. कामगारांसाठी दुसरीकडे नवी घरंही बांधली गेली. रोगराई खरी होती, हे मी नाकारत नाही. तरी मला चाचा आठवले. तिथला आराखडा लोकांच्याच भाषेत होता. पण त्या उतारावरच्या किती जणांना तो वाचता आला असेल? आणि वाचता आला असता, तर कुणी त्यांना विचारलं असतं का?

पुढं १९४७ मध्ये ल कॉर्बुझिए बोगोताला आला. ९ एप्रिल १९४८ रोजी गाइतान या लोकप्रिय नेत्याचा खून झाला आणि शहराचा मध्यभाग पेटला. त्याच वर्षी ब्रुनर व्हिएन्नाला परतला. युद्धाने मोडलेल्या त्या शहराच्या नियोजनाची जबाबदारी त्याच्याकडे आली, पण काही वर्षंच. १९६० मध्ये तो गेला. ल कॉर्बुझिएने बोगोतासाठी केलेला भव्य आराखडा बराचसा कागदावरच राहिला. ब्रुनरच्या वळणदार गल्ल्यांत मात्र आजही लोक राहतात. जगाला नाव माहीत आहे ते ल कॉर्बुझिएचं.

ब्रुनरकडून मी दोन गोष्टी घेतल्या. एक, आहे ते गाव पुसायचं नाही, त्याला जोडत जायचं. दुसरी त्याने सांगितलेली नाही, त्याच्या कामातून मला दिसली. वरून सगळं स्वच्छ दिसतं, फक्त घरात कोण राहतं ते दिसत नाही. त्यासाठी खाली उतरून दार वाजवावं लागतं.

चाचांची हरकत मी लिहून दिली. सुनावणीला त्यांच्यासोबत गेलो. समोरच्या साहेबांनी मराठीत विचारलं, चाचांनी दखनीत उत्तर दिलं, मी मध्ये उभा. निकाल अजून आलेला नाही. चाचांना आता आरक्षण या शब्दाचा अर्थ पक्का कळलाय. परवा मला म्हणाले, "सर, मतलब नहीं मालूम था तब नींद अच्छी आती थी."

यावर काय बोलावं ते मला अजून सुचलेलं नाही.