टाक्याकाठची कॉफी

सह्याद्रीतल्या गडांवर चहाचं राज्य आहे आणि ते तसंच राहावं. बारी, पाचनई, खिरेश्वर अशा पायथ्याच्या गावांत भल्या पहाटे उतरलं, की कुणाच्या तरी ओसरीवर चहाचं आधण ठेवलेलं असतंच, आणि त्या चहाला नाही म्हणणं जिवावर येतं. पण रात्र वर पठारावर काढलेली असावी, उजाडायच्या आत आपोआप जाग यावी, बाकीचे अजून स्लीपिंग बॅगेत गुरफटलेले असावेत आणि तंबूच्या कापडावर दव साचलेलं असावं, तेव्हा मला कॉफी हवी असते. कोरी आणि त्याच क्षणी तयार झालेली. घरात कॉफीच्या वासाला फोडणीतून, उदबत्तीतून, रस्त्यावरच्या धुरातून वाट काढत यावं लागतं. कड्यावरच्या गार हवेत त्याच्या आड काहीच येत नाही. झाकण उचललं की तो सरळ नाकाशी येऊन थांबतो.

तो वास पुरा मिळवायचा, तर डोंगरात फ्रेंच प्रेससारखं साधन नाही, असं माझं ठाम मत आहे. इन्स्टंट कॉफी सोयीची आहे, हे मान्य. मागे काही उरत नाही, वजन नसल्यासारखंच. पण पाण्यात पूड विरघळवून जे मिळतं त्यात भिजण्याचा, मुरण्याचा वेळच नसतो. प्रेसमध्ये जाडसर दळलेली कॉफी गरम पाण्यात चार मिनिटं नुसती पडून राहते. मग जाळीचा दट्ट्या सावकाश खाली दाबायचा, चोथा तळाशी जातो आणि वर कॉफी उरते. वीज लागत नाही, कागद लागत नाही, रबरी वायसर वितळायची भीती नाही. कागदी गाळणीत कॉफीतली तेलं अडकतात. धातूच्या जाळीतून ती खाली उतरतात आणि त्यांच्यामुळे घोटाला एक वजन येतं, जीभभर पसरणारी दाट चव येते. (ज्यांना कोलेस्टेरॉलचा त्रास आहे त्यांनी मात्र ही कॉफी रोजची करू नये. त्या तेलांतलं कॅफेस्टॉल रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं. महिन्यातून कधी गडावर प्यायला हरकत नसावी, तरी आपल्या डॉक्टरांना विचारलेलं बरं.)

या दट्ट्याची गोष्ट मला फार आवडते. १८५२ साली मायर आणि देलफोर्ज या दोघांनी फ्रान्समध्ये अशा भांड्याचं पेटंट घेतलं. त्यात दांड्याला लावलेली गाळणी भांड्याच्या कडांना नीट चिकटून बसत नसे, कडेने गाळ वर निसटे. १९२९ मध्ये कालिमानी आणि मोनेता या इटालियनांनी सुधारलेल्या रचनेचं पेटंट घेतलं. आज जो प्रेस जगभर दिसतो, त्याचा आराखडा फालिएरो बोंदानिनी यांनी १९५८ साली पेटंट केला आणि तो फ्रान्समधल्या एका क्लॅरिनेटच्या कारखान्यात तयार होऊ लागला. जिथे वाद्यांचे सांधे हवा निसटणार नाही इतके घट्ट बसवले जात, त्याच कारखान्यातून जाळी आणि भांड्याची कड यांचा मेळ घालणारं हे साधन बाहेर पडलं. दट्ट्या दाबताना हाताला जो एकसारखा, मऊ विरोध जाणवतो, तो जाणवला की मला नेहमी तो कारखाना आठवतो.

आणि डोंगर या कॉफीला आपल्या परीने मदत करतो. उंची साधारण ३०० मीटरने वाढली, की पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने खाली येतो. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे, म्हणजे तिथे पाणी ९५ अंशांच्या जरा खालीच उकळतं. हरिश्चंद्रगडावरही जवळपास तेच. कॉफीला हवं असतं ९० ते ९६ अंशांचं पाणी. घरी आपण आधण उतरवून ते थोडं निवायची वाट बघतो. गडावर ती गरज नाही. खळखळणारं पाणी थेट पुडीवर ओतावं. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे भांडं आधी गरम पाण्याने विसळून घ्यावं आणि कॉफी मिनिटभर जास्त मुरू द्यावी. सह्याद्रीत मात्र कॉफीसाठी बेतून दिल्यासारखी उंची आहे, आणि या योगायोगाचा मला दरवेळी नव्याने आनंद होतो.

आता प्रेस कोणता घ्यावा? दुकानात गेलं की काचेचा सगळ्यात देखणा दिसतो. आत पूड वर तरंगताना दिसते, मग तिचा थर फुगतो, मग रंग खाली झिरपत जातो. ते पाहण्यातही सुख आहे, पण ते स्वयंपाकघरातच. बोरोसिलिकेट काच उकळत्या पाण्याला दाद देत नाही, पण बेसॉल्टच्या एका टवक्यापुढे तिचा टिकाव लागत नाही. आणि अंधारात अनवाणी माणसं वावरतात अशा गुहेत काचेचा चुरा होणं हे कॉफी सांडण्यापेक्षा कितीतरी वाईट. प्लॅस्टिकचा हलका असतो, फुटत नाही, मात्र काही महिन्यांत त्याला जुन्या कॉफीचा खवट वास धरतो. टायटॅनियमची घनता पोलादाच्या निम्म्याहून थोडी जास्त, त्यामुळे तोही फुलासारखा हलका. किंमत मात्र जड, आणि एका पातळ भिंतीचा असल्यामुळे वाऱ्यावर लवकर निवतो. हिमालयात आठवडाभर पाठीवर घर वाहून न्यायचं असेल, तर त्या पैशांचं चीज होतं. शनिवारी चढून रविवारी उतरणाऱ्यांना त्याची गरज नाही.

दुहेरी भिंतीचा, आत निर्वात पोकळी असलेला स्टीलचा प्रेस कॉफी तासभर गरम ठेवतो. अनेकांची पहिली पसंती तीच, आणि गाडी थेट तळ्याकाठच्या तंबूपर्यंत जाते अशा ठिकाणी मीही तोच सुचवेन. पण तो विस्तवावर किंवा बर्नरवर कधीही ठेवायचा नसतो. बंद पोकळी तापली की भांडं फुगू किंवा फुटू शकतं. म्हणजे पाणी तापवायला दुसरं भांडं आलं, म्हणजे सॅकमध्ये आणखी वजन आलं. त्याचा मगसारखा एक प्रकार मिळतो, ज्यात कॉफी करायची आणि त्यातूनच प्यायची. एकट्याने चालत असताना बरा. पण चोथा तळाशी तसाच राहतो आणि शेवटचे घोट कडवट, गाळाचे होत जातात. शिवाय गडावर एकट्यापुरती कॉफी होतच नाही. वास सुटला की एकेक चेन उघडते, आतून आवाज येतो, "मलाही घोटभर ठेव रे." त्या माणसाला नाही म्हणायला लावणारं भांडं मी नेणार नाही.

हे सगळं खरं असलं, तरी निवड करताना मी आधी बघतो ते दुसरंच. कॉफी पिऊन झाल्यावर काय उरतं आणि ते धुवायला किती पाणी लागतं, हे मी बघतो.

सह्याद्रीतल्या गडांवरचं पाणी म्हणजे टाक्यांतलं पाणी. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नी-हातोड्याने कातळ खोदून ती टाकी केली. पावसाळ्याच्या चार महिन्यांत ती भरतात आणि पुढचे आठ महिने तेवढ्यावरच काढायचे असतात. आत येणारा झरा बहुतेक ठिकाणी नसतो, बाहेर जाणारा प्रवाह नसतो. डिसेंबरात काठोकाठ दिसणारं टाकं एप्रिलमध्ये तळाला जातं. ते पाणी आपल्याबरोबर वानरांचं, पाखरांचं आणि वर गुरं घेऊन येणाऱ्या गुराख्यांचंही असतं. अशा टाक्याच्या काठावर बसून प्रेसची जाळी खळाळून धुणारी माणसं मी पाहिली आहेत. पाण्यावर तपकिरी तवंग पसरतो, पुडीचे कण कडेला साचतात, आणि ते वाहून जायला तिथे वाटच नसते. वाईट मनाची माणसं नव्हती ती. त्यांच्या हातात पाण्याशिवाय साफच होणार नाही असं भांडं होतं, एवढंच.

म्हणून प्रेस विकत घेताना आधी त्याच्या तोंडात हात घालून बघा. पंजा तळापर्यंत पोचला पाहिजे, म्हणजे चोथा बोटांनी किंवा छोट्या रबरी उलथन्याने खरवडून काढता येतो. अरुंद, उंच भांड्यात तो कोपऱ्यात अडकतो आणि पाणी ओतल्याशिवाय निघत नाही. मग दांड्याची खालची बाजू बघा. चकती, जाळी, स्प्रिंग हे हाताने फिरवून सुटं होतं का? जितके तुकडे कमी तितकं चांगलं, कारण अंधारात गवतात पडलेली स्प्रिंग पुन्हा सापडत नाही. घड्यांच्या कडांमध्ये ओली पूड शिरून बसेल अशी जाळी नको. तेलं तिथेच खवट होतात आणि पुढच्या कॉफीला तोच वास येतो.

या कसोटीला माझ्या मते सगळ्यात चांगलं उतरतं ते स्टीलचं, एका भिंतीचं, रुंद तोंडाचं पातेलंवजा भांडं, ज्याच्या झाकणातून दट्ट्या जातो. अशी भांडी आता सहज मिळतात. पाणी त्यातच तापवायचं, बर्नर बंद करून पूड त्यातच घालायची, झाकण लावून मुरू द्यायची. पाऊण लिटरचं भांडं तिघांना पुरतं. रात्री त्यातच सूप, सकाळी कॉफी. दुहेरी भिंतीची ऊब नाही म्हणावी, तर चार मिनिटं त्यावर लोकरी कानटोपी चढवावी. मुरण्याच्या वेळात पुरेशी ऊब राहते. दट्ट्या दाबताना भांडं सपाट दगडावर ठेवावं, एका हाताने धरावं आणि तळव्याच्या वजनाने खाली न्यावं. जोर लावावा लागला तर थांबावं, थोडं वर घेऊन पुन्हा न्यावं. रेटलं की उकळतं पाणी कडेने उसळतं. आणि थंडी कितीही असो, बर्नर बंद तंबूत पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो जीव घेतो.

जोर लावावा लागतो तो बहुधा दळणामुळे. आपल्याकडे दुकानात मिळणारी फिल्टर कॉफीची पूड बारीक असते, कित्येकदा तिच्यात चिकोरीही असते. दाक्षिणात्य फिल्टरच्या भांड्यात ती सुरेख उतरते, पण प्रेसच्या जाळीत बसते आणि जाळी तुंबवते. प्रेसला जाड्या रव्याएवढी जाड पूड लागते, आणि दुकानदाराला तसं सांगितलं की तो दळून देतो. हातचक्की न्यावी का, असं मला नेहमी विचारतात. चांगली चक्की अर्धा किलोच्या आसपास भरते. एका रात्रीसाठी आदल्या संध्याकाळी दळून घट्ट झाकणाच्या डबीत भरलेली पूड पुरे. मुक्काम लांबला तर चक्की न्यावी. पहाटे ती फिरवताना हात गरम होतात, हा फायदा वेगळाच. बिया कुठल्या घ्याव्यात हे ज्याच्या त्याच्या जिभेवर. चिकमगळूरच्या तर आहेतच, पण मेळघाटातल्या चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते, आणि महाराष्ट्रातल्या डोंगरात महाराष्ट्रातली कॉफी प्यायचा आनंद एकदा तरी घ्यावा.

एका हिवाळी पहाटे आमच्याबरोबर पायथ्याच्या गावचे एक मामा होते. मला टोपी घातलेल्या भांड्याकडे बघत बसलेलं पाहून त्यांनी विचारलं, "उकळत का न्हाई चहावानी?" मी म्हटलं, "मामा, उकळली की कडू होते, वासही उडून जातो." त्यांनी मान हलवली आणि तेही शेजारी उकिडवे बसले. चार मिनिटं आम्ही दोघं काही बोललो नाही. समोर कोकणात अजून अंधार होता, कड्याच्या कडेवर उजेड यायला लागला होता. कप हातात घेऊन त्यांनी आधी वास घेतला, मग एक घोट घेतला. "कडूच हाये," ते म्हणाले, "पण वास भारी हाये." आणि दुसऱ्यांदा कप पुढे केला. नंतर मी चोथा डबीत खरवडून भरत होतो, तर त्यांनी स्वतःच डबीचं झाकण पुढे केलं. टाक्याचं पाणी मार्चनंतर त्यांच्याच गावची गुरं पितात.

चोथा जैविक आहे, झाडाखाली टाकला तर खतच होईल, असं सांगणारे भेटतात. घरच्या कुंडीत होतं. कातळावर मातीच नसते, तिथे तो सुकून तसाच पडून राहतो. अन्नाच्या वासाने जनावरं तंबूंकडे वळतात ते वेगळं. तीन माणसांच्या कॉफीला ३० ते ४० ग्रॅम पूड लागते आणि भिजल्यावर चोथा तिच्या तिप्पट भरतो, म्हणजे १०० ग्रॅमच्या आसपास. खाली आणायला हे काही ओझं नाही. आतलं भांडं जुन्या सुती फडक्याने कोरडं पुसावं, बाटलीतल्या दोन-तीन चमचे गरम पाण्याने विसळावं, ते पाणीही डबीतच ओतावं. साबणाने काय ते घरी आल्यावर.

तेव्हा प्रेस घ्यायला दुकानात जाल, तर तिथूनच घट्ट फिरकीच्या झाकणाची एक स्टीलची डबीही घ्या, आणि सॅक भरताना ती प्रेसच्या आतच ठेवा, म्हणजे विसरणार नाही.