ठेवायचा काठ

चामड्याच्या काठाला महिरप कापायची म्हटली की शिकायला आलेली मुलं आधी मापं विचारतात. किती रुंद, किती खोल, टोकदार की गोल? मी उलट विचारते, कापल्यावर कुठला तुकडा ठेवणार आहेस? प्रश्न साधा आहे, पण कुठलं हत्यार उचलायचं ते त्याच्या उत्तरावर ठरतं.

काठावर ओळीने अर्धगोल खाचा घेत गेलं की त्यांच्या मधे टोकं उभी राहतात. वक्र उलटा फिरवला की टोकांऐवजी पाकळ्या येतात. दोन्हींना अर्धगोल पटाशीच लागते, पण एकच पटाशी दोन्ही कामं नीट करत नाही. तिच्या पोलादाची एक बाजू सरळ असते आणि दुसरी धारेकडे उतरती घासलेली. उतरती बाजू चामड्यात शिरताना त्याला रेटते. सरळ बाजूला लागून जो काप होतो तो उभा आणि स्वच्छ येतो. म्हणून उतार नेहमी टाकायच्या तुकड्याकडे हवा. खाच पाडताना वक्राच्या आतली चकती फेकायची असते, तेव्हा उतार आतून. पाकळी कापताना आतलं चामडं ठेवायचं असतं, तेव्हा उतार बाहेरून. बाजारातले भोकं पाडायचे गोल पंच बहुधा बाहेरून निमुळते असतात. त्यांनी खाचा पाडल्या की नेमका ठेवायचा काठच दबतो आणि कड तिरकी उतरते. मग कितीही घासा, तो काठ एकसारखा चमकत नाही.

आतून धार लावणं कटकटीचं आहे, हे खरं. पटाशीच्या पोटात बसेल अशा गोल लाकडी काडीला बारीक पॉलिश पेपर गुंडाळायचा आणि आतून बाहेर ओढत राहायचं. बाहेरची बाजू सपाट दगडावर फक्त लव काढण्यापुरती फिरवायची. माझ्याकडच्या चांगल्या पटाश्या एका लोहाराने जुन्या पोलादातून करून दिल्या आहेत. धार लावण्याचा हा कंटाळा ज्याला सोसत नाही, त्याने महिरपीच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

खोलीबद्दलही आग्रहाने सांगते. पूर्ण अर्धवर्तुळ कापलं तर मधली टोकं सुईसारखी होतात आणि वापरात पहिली तीच मुडपतात. त्यापेक्षा मोठं वर्तुळ घ्यावं आणि त्याची उथळ फोड वापरावी. १० मिमी व्यासाच्या पटाशीने काठापासून २ मिमी आत काप घेतला, तर खाचेची रुंदी बरोबर ८ मिमी येते आणि टोकाला अंग राहतं.

आता काठाची वाटणी. पिशवीच्या झाकणाचा काठ १८० मिमी असेल तर ८ मिमीच्या खाचा साडेबावीस बसतात, म्हणजे बसतच नाहीत. एका ठोक्यात पाच-सहा खाचा पाडणारे जोडपंच मिळतात, त्यांचं अंतर कारखान्यात ठरलेलं असतं. कोपऱ्यापाशी ते अर्ध्या खाचेवर येऊन थांबतात आणि वळणावर तर त्यांचा उपयोगच नाही. एकेरी पटाशी मात्र माझं ऐकते. कर्कटक ७.८ मिमीपेक्षा किंचित जास्त उघडायचं, दोन्ही कोपऱ्यांपासून मध्याकडे खुणा करत यायचं, की २३ खाचा बसतात. आकडा विषम असला की मध्यावर खाच येते, सम असला की टोक. बक्कल मध्यावर असेल तर मी खाच पसंत करते. वेळ जास्त जातो, पण कोपरा डोळ्याला खुपत नाही.

कापडाच्या दुकानातली झिगझॅग कात्री पुष्कळजण घेऊन येतात. अशा कात्रीचं पेटंट अमेरिकेत १८९३ मध्ये लुईस ऑस्टिन यांनी घेतलं. कापडाचे धागे सुटू नयेत म्हणून तिथे तिरका काप कामाचा असतो. चामड्याला धागेच नाहीत, ते उसवत नाही. लंडनच्या संग्रहालयात सोळाव्या शतकातलं चामड्याचं एक जाकीट आहे, त्यावर चांदण्या नि बदामाच्या आकारांची बारीक छिद्रं आहेत आणि एवढ्या काळात ती विरलेली नाहीत. झिगझॅग कात्रीचे दाते जाड चामड्यात एकमेकांपासून ढळतात, आणि तिला घरी धारही लावता येत नाही. करंजीच्या कातणासारखी दातेरी चाकंही मिळतात. अस्तराच्या पातळ चामड्यावर ती चालतात, जाड चामडं मात्र ती पुढे ढकलतात.

चामडं कसं कमावलेलं आहे, यावरही पुष्कळ ठरतं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, कोल्हापुरी चपलेला लागतं तसं चामडं धारेखाली खडा काठ देतं आणि डिंकाचं पाणी लावून घासलं की चकाकतं. क्रोममध्ये कमावलेलं मऊ असतं, ताणतं, आणि कापलेल्या कडेला निळसर करडा गाभा दिसतो. ठोकायला मी चिंचेच्या ओंडक्याचा आडवा छेद वापरते, त्याचे तंतू धारेला वाट देतात. वरून लाकडी हातोडा, एकच ठोका. दुसऱ्या ठोक्याला पटाशी केसभर सरकते आणि काठाला पायरी पडते.

पाकळ्यांच्या काठात दोन पाकळ्या भेटतात तो आतला कोपरा सगळ्यात नाजूक, चीर तिथूनच सुरू होते. म्हणून त्या जागी आधी १ मिमीचं भोक पाडून घ्यावं आणि पटाशी भोकाच्या कडेवर आणून थांबवावी. चीर गोल कडेवर पोचली की तिचा ताण पसरतो. काम झाल्यावर भोक डोळ्याला जाणवतही नाही.

खांद्याच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी महिरप मागणारे गिऱ्हाईक नेहमी भेटतात. २५ मिमीच्या पट्ट्याला दोन्हीकडे २ मिमी खाचा घेतल्या की ओझं पेलायला २१ मिमीच उरतात, आणि प्रत्येक खाच ताण गोळा करते. पुस्तकं, डबा, पाण्याची बाटली भरलेली पिशवी कुणी अशा पट्ट्यावर लटकवावी, हे मला मान्य नाही. अशा वेळी मी खाली साधा अखंड पट्टा ठेवते आणि महिरपीचा पातळ थर वरून शिवते, शिलाई खाचांच्या आतून धावते. चामडं दुप्पट लागतं, किंमत वाढते, आणि काहीजण तेवढ्यावरून दुसरीकडे जातात. त्यांना मी अडवत नाही, पण अखंड पट्ट्याशिवाय शिवूनही देत नाही.