अस्सल, नक्कल आणि एक लोखंडी टोप

सरकारी दफ्तरात ‘नक्कल’ हा शब्द मुळीच अप्रतिष्ठित नाही. मूळ कागदावरून नक्कल उतरावी, ती ताडून पाहावी, खाली ‘अस्सलबरहुकूम’ असा शेरा मारून सहीशिक्का करावा, की ती नक्कलही मानाने मिरवू लागते. पाप नकलेत नाही. तो शेरा खरवडून नकलेला अस्सल म्हणून खपविण्यात आहे. युद्धकालीन लोखंडी टोप जमविण्याचा नाद लागल्यापासून हा भेद आम्हांस जितका लख्ख दिसू लागला, तितका तो कोणत्याही नियमावलीने दाखविला नव्हता.

नोकरीच्या निमित्ताने आमचा मुक्काम सध्या पापनाशम येथे आहे. तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे तालुक्याचे गाव. पश्चिमेस तंजावर, जेथे व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी नांदली. पूर्वेस स्वामिमलै, जेथील स्थपती मेणाच्या प्रतिमेवर माती लिंपतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातू ओतून आजही चोळांच्या परंपरेतील मूर्ती घडवितात. तेथे घडलेला नवा नटराज नवा म्हणूनच विकला जातो, आणि त्यात कोणास कमीपणा वाटत नाही.

परंतु याच परिसराने दुसरा प्रकारही पाहिला आहे. कुंभकोणमजवळील शिवपुरम् येथे १९५१ साली जमिनीतून निघालेला नटराज डागडुजीसाठी बाहेर गेला आणि देवळात परतली ती त्याची नक्कल. ब्रिटिश म्युझियममधील डग्लस बॅरेट यांनी १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही अदलाबदल उघड केली. मूळ मूर्ती फिरत फिरत १९७३ साली अमेरिकेतील नॉर्टन सायमन यांच्या संग्रहात पोहोचली आणि पुष्कळ खटाटोपानंतर १९८६ मध्ये भारतात परतली. मधल्या काळात भाविकांनी नकलेपुढे हात जोडले. त्यांची भक्ती खोटी नव्हती. त्यांच्याशी झालेला विश्वासघात मात्र खरा होता.

तंजावरच्या राजवाड्यातील शस्त्रागाराचे अवशेष मद्रासच्या सरकारी संग्रहालयात पाहिले, तेव्हा आपल्याही घरी एखादे मराठेशाहीतले शिरस्त्राण असावे असा मोह आम्हांस झाला खरा. परंतु शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो, आणि कारकुनाच्या पगाराचा कायदा तर त्याहूनही कडक. म्हणून आम्ही दुसऱ्या महायुद्धातील पोलादी टोपांवर समाधान मानले. गावात ही गोष्ट पसरली, आणि त्यातूनच पुढील प्रकरण आमच्याकडे आले.

आमच्या घरापासून चार घरे सोडून एक निवृत्त शिक्षक राहतात. वय शहाऐंशी. आम्ही त्यांना ‘ऐया’ म्हणतो, ते आम्हांस ‘तंबी’ म्हणतात. त्यांचे वडील मलायातील रबराच्या मळ्यावर होते. १९४३ साली सुभाषबाबू सिंगापुरास आल्यावर मळ्यांतील असंख्य तमिळ मजूर आझाद हिंद सेनेत शिरले, त्यांत तेही होते, असे घरात सांगत. ते परत आले नाहीत. आता एका विक्रेत्याने त्यांच्या चेन्नईतील नातवाला एक टोप दाखविला होता. वर रंगविलेला झेप घेणारा वाघ, आत पणजोबांचे नाव आणि सोबत टंकलिखित चिठ्ठी : ‘सिंगापूर पडले तेव्हा हस्तगत झालेल्या ब्रिटिश साठ्यातील टोप.’ नातवाने बयाणा दिला होता. ऐयांनी टोप आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “तंबी, तू दफ्तरातला माणूस. हा खरा आहे का, एवढेच सांग.”

घडण ब्रिटिशांच्या ‘मार्क दोन’ टोपाची होती. ब्रिटनमध्ये सैनिकांसाठी केलेले असे टोप मँगनीजयुक्त पोलादाचे असत. हे पोलाद रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ साली शोधले. त्याला लोहचुंबक धरत नाही. येथे चुंबक खाडकन चिकटला. पण एका कागदावर निकाल देऊ नये, हा आमचा शिरस्ता. नागरी संरक्षणाच्या लोकांसाठी साध्या पोलादाचेही टोप निघत. ते ओळखू यावेत म्हणून त्यांच्या कडेला भोके पाडलेली असत. या टोपाला भोके नव्हती.

मग गंज पाहिला. वापरलेल्या टोपाची झीज विषम असते : जमिनीवर टेकणारी कड घासते, कपाळापाशी कातडे घामाने काळवंडते. येथे आतबाहेर सारखाच तांबूस थर होता, जणू सगळे एकाच दिवशी गंजले. वाघाचा रंग गंजाच्या खळग्यांत उतरलेला होता. म्हणजे आधी गंज आणि नंतर वाघ. हनुवटीचा पट्टा नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली धरला, तो निळसर उजळला. कापड शुभ्र दिसावे म्हणून घालतात ती द्रव्ये अशी चमकतात, आणि त्यांचा सर्रास वापर युद्धानंतरचा.

शेवटी काठाखालचे साल वाचले : १९४३. सिंगापूर शरण गेले १५ फेब्रुवारी १९४२ रोजी. पत्र येण्यापूर्वीच त्याचे उत्तर जावक बारनिशीत चढावे, तसा हा प्रकार. बनावट करणारा वाघावर मेहनत घेतो, नावावर घेतो. तारखा जुळविण्याचा कंटाळा करतो. जगभर हेच. १९४२ नंतरच्या घडणीच्या जर्मन टोपावर भूसेनेचे तिरंगी ढालचिन्ह चिकटविलेले आढळते, पण ते चिन्ह काढून टाकण्याचा हुकूम १९४० मध्येच सुटला होता.

हे सगळे ऐयांना सांगावे कसे? क्षणभर असेही वाटले, की या वयात एवढा दिलासा राहू द्यावा. परंतु त्यांनी दिलासा मागितला नव्हता. उत्तर मागितले होते. आम्ही एकेक पुरावा त्यांच्या हाती देत गेलो. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “बरे झाले. दुसऱ्या कोणाच्या खोट्यावर माझ्या बापाचे नाव नको.”

मग त्यांनी आतून एक पाकीट आणले. इपोहचा टपालशिक्का, सेन्सॉरचा ठसा, मागे पापनाशमच्या टपालघराची मोहोर; तिन्हींतील १९४१ च्या तारखा एकीमागून एक बिनचूक लागलेल्या. आत दहाबारा ओळी : पीक कसे आहे, सावकाराचे व्याज गेले का, मुलाचा ताप उतरला का. युद्धाचा शब्द नाही, पराक्रमाचा नाही. असे पत्र कोणी विकण्यासाठी बनविणार नाही. म्हणूनच ते पाहताक्षणी पटले. तापातला तो मुलगा आमच्यासमोर बसला होता.

वाचकांपैकी अनेकजण आमच्यासारखेच परमुलखात बदलीवर असतील आणि बाजारांतून जुन्या वस्तू घेत असतील. त्यांना विनंती एवढीच, की वस्तूबरोबर ती कोठून आली, कोणी काय सांगितले आणि आपण काय पारखले, याची चिठ्ठी ठेवावी. नक्कल असेल तर तसे स्पष्ट लिहावे. आपल्यामागे ती वस्तू ज्याच्या हाती पडेल, त्याला कदाचित त्या टोपाखाली आपला माणूस शोधायचा असेल.

टोप विक्रेत्याकडे परत गेला. बयाण्याचा तगादा नातू लावीत आहे. ऐयांनी आमच्याकडून त्या पत्राची एक हस्तलिखित प्रत नातवासाठी करून घेतली आणि खाली सही मागितली. आम्ही राजपत्रित अधिकारी नव्हे. आमच्या सहीस सरकारदरबारी किंमत नाही, हे त्यांस सांगितले. ते म्हणाले, “तू ताडून पाहिलेस ना? मग कर.” आम्ही ‘अस्सलबरहुकूम’ लिहिले आणि सही केली.