माग थांबले तेव्हा

तापीकाठचे बुऱ्हाणपूर म्हटले की बहुतेकांना मुमताजमहल आठवते. १६३१ साली ती तिथे वारली, ताजमहाल मात्र आग्ऱ्यात उभा राहिला. मला आठवते ती मागांची खटखट. माझी मावशी मूळची रबकवीची, म्हणजे मागांच्याच गावची, आणि लग्न होऊन गेली तीही मागांच्याच गावात. माहेरची कानडी, सासरची मराठी आणि बाजारातली हिंदी ती एकाच दमात बोलते. घराच्या खालच्या अंगाला चार यंत्रमाग आणि वर दोन खोल्या, असा तिचा संसार. मागांचा आवाज बंद झाला तर तिला झोप लागत नाही, अशी आम्ही लहानपणी तिची थट्टा करायचो.

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात ही थट्टा खरी झाली. मदतनीस सणाला गावी गेलेला, म्हणून काका रात्री एकटेच माग चालवत होते. मावशी वर झोपली होती. दीडच्या सुमारास तिला जाग आली, ती शांततेने! आधी वाटले, वीज गेली. पण डोक्यावरचा पंखा तर फिरत होता. वीज आहे आणि चारही माग गप्प, हे कसे? ती तशीच अनवाणी जिना उतरली. काका दोन मागांच्या मधल्या बोळात पडले होते. तोंड वाकडे झालेले, डावा हात निपचित. पक्षाघाताचा झटका होता. फोन खिडकीत चार्जिंगला लावलेला, हातापासून दहा पावलांवर.

माग कसे थांबले, हे इचलकरंजी किंवा रबकवी-बनहट्टीकडच्या वाचकांनी ओळखले असेलच. धोट्यातली कांडी संपली किंवा आडवा धागा तुटला की मागावरच्या छोट्या काट्याला धागा लागत नाही आणि माग आपोआप बंद पडतो. काका पडल्यावर कांड्या बदलायला कोणी नव्हते. म्हणून एकामागून एक चारही माग थांबले. मावशी म्हणते, "अगं, त्यांना हाक मारता आली नाही. मागांनी मारली."

परवा दिवाळीत गेले तेव्हा हे सगळे पुन्हा बोलणे झाले आणि मनात एक गोष्ट घर करून राहिली. धागा तुटला तर कळावे म्हणून मागाला काटा आहे. माणूस तुटला तर कळावे म्हणून काय आहे? काका वाचले ते योगायोगाने. मावशी गाढ झोपली असती तर?

माझ्या मावसभावाने आता काकांच्या मनगटावर एक पट्टा बांधला आहे. त्यावर बटण आहे, शिवाय आत पडण्याची जाणीव घेणारा संवेदक. जोराचा हिसका बसला आणि पाठोपाठ हालचाल थांबली, तर पट्टा आधी थरथरतो. ठरलेल्या वेळात तो बंद केला नाही, तर घरच्यांच्या फोनवर संदेश जातो. सोय चांगलीच आहे. पण बटण दाबायला शुद्ध लागते. आणि माणूस भिंतीला टेकून हळूहळू खाली घसरला, तर ते पडणे पट्ट्याच्या लक्षात येईलच असे नाही.

रेल्वेने ही अडचण इंजिनात फार नेमकी सोडवली आहे. चालकाने सुमारे एक मिनिट कसलीच हालचाल केली नाही, तर आधी दिवा लुकलुकतो, मग भोंगा वाजतो आणि तरीही उत्तर आले नाही तर ब्रेक आपोआप लागतात. चालकाने मदत मागावी, अशी अपेक्षाच नाही. तो गप्प राहिला, हीच सूचना. पण त्याच रुळांवर, बुऱ्हाणपूरच्या पुढे चांदनी-नेपानगरच्या बाजूला रूळ तपासत एकटा चालणारा कीमन पाहा. त्याच्याजवळची लाल झेंडी आणि रुळावर लावायचे फटाके गाडीला सावध करण्यासाठी असतात. गाडी येते आहे हे त्याला सांगणारे 'रक्षक' नावाचे यंत्र देण्याची घोषणा सुरेश प्रभूंच्या २०१६ च्या रेल्वे अंदाजपत्रकात झाली. म्हणजे आधी गाडीचा विचार झाला, मग माणसाचा.

एकटेपणाची किंमत आपल्या भागाला वेगळी सांगायला नको. अरुणा शानबाग उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरच्या, परिचारिका म्हणून मुंबईत गेलेल्या. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी केईएम रुग्णालयातच त्यांच्यावर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला त्या एका सफाई कर्मचाऱ्याला बेशुद्ध सापडल्या. मधली सगळी रात्र तशीच गेली. पुढची जवळजवळ ४२ वर्षे, १८ मे २०१५ ला त्यांचे निधन होईपर्यंत, त्या अंथरुणातून उठल्या नाहीत. माणसांनी गजबजलेल्या इमारतीतही माणूस एकटा असू शकतो, हे त्या रात्रीने शिकवायला हवे होते.

आपल्या आसपास अशी माणसे किती आहेत! रात्रीच्या विजेवर मोटार सुरू करायला शेतात जाणारा शेतकरी, एटीएमचा पहारेकरी, पेट्रोल पंपावरचा पोरगा, आडगावची आशाताई. सगळ्यांना महागडे पट्टे मिळतीलच असे नाही. निदान फोनवरचे संकटाचे बटण तरी माहीत असावे. २०१७ पासून नव्या फोनमध्ये ते सक्तीचे आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरायचा, स्मार्टफोनवर पॉवरचे बटण झटपट तीनदा दाबायचे, की ११२ ला फोन लागतो.

पण शुद्ध हरपली तर? तिथे जुना मिस्ड कॉलच कामाला येतो. दर तासाला एक मिस्ड कॉल, ठरलेल्या माणसाला. तो आला नाही तर त्या माणसाने उलट फोन करायचा. उत्तर नाही मिळाले तर कोणी जायचे आणि नेमके कुठे, हे आधीच ठरलेले हवे. 'झोपला असेल' म्हणून कूस बदलायची नाही. यंत्र असो वा नसो, गप्प झालेल्या माणसाची दखल घेणारे कोणीतरी जागे हवे.

बुऱ्हाणपूरहून परतल्यावर मी आमच्या कॉलेजच्या रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला विचारले, "मामा, रात्री तुम्हाला कोण फोन करतं?" ते हसले. "मला कोण करणार बाई? चोर आला तर मीच करायचा." आता ते आणि शेजारच्या शाळेचे पहारेकरी तासातासाला एकमेकांना मिस्ड कॉल देतात.

काका आता दोनच माग चालवतात, तेही दिवसा. मावशी वरून मध्येमध्ये कानडीत ओरडते, "आराम अदीरी?" सासरी इतकी वर्षे काढूनही ही हाक तिला कानडीतच सुचते. खटखटीतून काकांचा आवाज येतो, "आराम अदीनी!" तो येईपर्यंत ती हातातली पोळी तव्यावर टाकत नाही.