नितळ आणि निर्धोक

मृगाच्या सरी कोसळल्या की आमच्या जांभ्या दगडाच्या मुलखात विहिरींचे पाणी तांबूस होते, आणि त्यामागोमाग वाडीत हगवण येते. तुरटी फिरविल्याने गाळ बसतो, पाणी नितळ दिसते. परंतु तेवढ्याने रोगजंतू मरत नाहीत. म्हणून गाळ बसल्यावर आम्ही पाणी मापून दर १००० लिटरांस सुमारे २.५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवितो, वरची निवळी पोहऱ्याने विहिरीत सोडून ढवळतो व अर्धा तास पाणी उपसत नाही. पिण्याचे पाणी त्यावरही खळखळ उकळतो. शौचाचा खड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर दूर असावा. वाचकहो, तान्ह्या लेकरांना पाणी पारखता येत नाही. ती पारख आपणच केली पाहिजे.